विरोधातलं मत

दादाची गाडी कासोपचा चढ चढून दगडी गडग्यापाशी थांबली तेव्हा लीला वरच्या सड्यावर, कातळावरच्या आंब्याच्या कलमांत उभी होती. पौष सरत आला होता आणि त्या वर्षी मोहोर असा फुटला होता की पानं शोधावी लागत. समुद्रावरून दोन दिवस मळभ येऊन गेलं होतं, पण तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि सगळी बाग मधमाश्यांच्या गुणगुणण्याने भरून गेली. या दिवसांत लीलाचं नेहमीच असं होई. त्या वासात, त्या आवाजात उभं राहिलं की आजचा दिवस आणि वीस वर्षांपूर्वीचा दिवस यांच्यातलं अंतर पुसट होऊन जाई. गाडीचं दार वाजलं आणि क्षणभर तिला वाटलं, ही अठ्ठ्याहत्तरची जीप आहे, दादा पहिल्यांदा आमदार होऊन घरी आलाय आणि घरापुढच्या खळ्यात दोघांचे वडील, नाना, खांद्यावर पंचा टाकून उभे आहेत.

नानांना जाऊन आता तीन वर्षं होत आली होती. गाडीतून उतरलेला दादा बासष्ट वर्षांचा होता, आणि आमदारही नव्हता. हरिहर विनायक आठल्ये यांची मॉरिशसला भारताचे उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली होती. दिल्लीतलं सरकार गेल्या वर्षी बदललं आणि पक्षाला आपल्या जुन्या, अबोल माणसांची आठवण झाली. परराष्ट्र खात्यात दोन महिने बसून, कोणापुढे किती वाकायचं आणि कोणत्या शब्दाला काय वजन असतं ते शिकून दादा दोन दिवसांसाठी घरी आला होता. आठवड्याने तो समुद्रापलीकडे जाणार होता.

सड्यावरून उतरताना लीलाने खाली जमलेली माणसं पाहिली. यमुनावहिनी गाडीतून टोपल्या उतरवून घेत होत्या. अपूर्व, दादाचा थोरला, लोटे गावच्या कारखान्यातून रजा काढून सकाळीच आला होता. उर्वी, धाकटी, रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करायची; ती नवऱ्याला घरी ठेवून एकटीच आली होती. सगळ्यांच्या अंगावर ऊन पडलं होतं, आणि इतक्या लांबून त्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. लीलाला वाटलं, असंच थोडा वेळ लांबून बघत राहावं.

"काय गो लीले," दादा म्हणाला, "यंदा मोहोर बरा दिसतोय."

"बरा आहे," ती म्हणाली. "राहिला तर."

दादाची कारकीर्द या घरात सगळ्यांना पाठ होती. तो तीनदा निवडून आला आणि दोनदा पडला. पडल्यावर कधी कोणाला दोष दिला नाही आणि निवडून आल्यावर कधी मिरवणूक काढू दिली नाही. जे आहे ते नीट चाललंय, त्याला उगाच हात लावू नये, हे त्याचं राजकारण. किनाऱ्यावर कारखाना नको, देवस्थानांच्या कारभारात सरकार नको, दारूचं दुकान शाळेजवळ नको. विधानसभेत तो हळू बोले, लांब बोले, आणि नियमांचं पुस्तक त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. विरोधकसुद्धा म्हणत, आठल्यांचं मत पटत नाही, पण माणूस आडवाटेने जात नाही.

त्याला हे सगळं करता आलं ते कासोपला लीला होती म्हणून. सदुसष्ट साली तो जिल्हा परिषदेला उभा राहिला त्याच वर्षी नाना पाय मोडून अंथरुणाला खिळले, आणि केळशीहून लीलाला सांगून आलेलं स्थळ एक वर्ष पुढे ढकललं गेलं. वर्षाने केळशीकरांनी दुसरीकडे जमवलं. लीलाला त्याचं फार वाईट वाटल्याचं कोणाला आठवत नाही. ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली. सकाळी शाळा, दुपारनंतर बाग. नाना बरे होऊन पुन्हा चालू लागले, पुढे म्हातारे झाले, शेवटी पुन्हा अंथरुणाला लागले. तोवर कुठल्या कलमाला कधी खत, कधी फवारणी, कुठला व्यापारी खरा आणि कुठला खोटा, हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत राहिलं नव्हतं. तिने हे ठरवून केलं नाही. दिवस एकातून एक उलगडत गेले आणि ती त्यांच्यामागून चालत राहिली.

जेवणं झाल्यावर दादाने पडवीतल्या झोपाळ्यावर बसून चामड्याच्या पिशवीतून कागद काढला.

"लीले, एक छोटीशी बाब आहे," तो म्हणाला. "मी जाण्यापूर्वी सगळं सुरळीत असावं, इतकाच हेतू. तुझ्या राहण्यावागण्यात यानं कसलाही फरक पडणार नाही. घर तुझंच आहे, हयातभर. हे केवळ सोयीच्या दृष्टीनं."

लीलाने कागद हातात घेतला. ते हक्कसोडपत्र होतं. कै. विनायक आठल्ये यांच्या मिळकतीतील आपला संपूर्ण हक्क मी राजीखुशीने बंधू हरिहर यांच्या लाभात सोडत आहे, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली तिच्या नावापुढे सहीची जागा मोकळी होती.

पुढचं अपूर्वने समजावून सांगितलं. मुंबईची एक पार्टी होती. त्यांना खालचा, समुद्राच्या पुळणीकडचा तुकडा दीर्घ मुदतीच्या भाड्याने हवा होता. पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. वरच्या कलमांना कोणी हात लावणार नव्हतं. फक्त हक्कदार कमी असले की व्यवहार सोपा होतो. बाबा तीन वर्षं बाहेर, कुलमुखत्यारपत्र अपूर्वच्या नावाने व्हायचं होतं. मग प्रत्येक वेळी आत्याला रत्नागिरीपर्यंत कशाला दगदग. तो मनापासून बोलत होता. लोट्याच्या पाळ्यांनी त्याचे डोळे कायमचे लाल झाले होते, आणि त्या कारखान्यातून सुटायची ही एकच वाट त्याला दिसत होती, हे लीलाला कळत होतं.

"आणि आत्याने सही नाही केली तर?" उर्वीने विचारलं.

यमुनावहिनींनी तिला गप्प केलं. घरातल्या गोष्टी कोर्टासारख्या बोलू नयेत, असं त्या म्हणाल्या. उर्वी उठून लीलाच्या शेजारी येऊन बसली. दादा झोपाळा थांबवून पायाने जमीन चाचपत होता. कोणी घाई करत नाही, उद्या बोलू, असं तो म्हणाला. लीलाने कागदाची घडी घालून तो पदराआड धरला. पडवीबाहेर ऊन इतकं पांढरं झालं होतं की खळ्याच्या पलीकडे काही आहे असं वाटत नव्हतं.

संध्याकाळी रत्नागिरीत सत्कार होता. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत लीलाला वहिनींशेजारी बसवलं होतं आणि तिच्या दुसऱ्या बाजूला शालनबाई येऊन बसल्या. शालनबाई तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि मग लेकीला शिकवायचंच असं ठरवलं. शाळेत आल्या तेव्हा अर्ध्या शिक्षिका त्यांच्या हातचं पाणी टाळत. लीलाने टाळलं नाही, एवढ्यावर त्यांची तीस वर्षांची मैत्री उभी होती.

वक्त्यामागून वक्ते बोलत होते. लीलाच्या कानांवर शब्द येत आणि निघून जात, लाटेने पाय भिजवून परत जावं तसे. मग एका वक्त्याने ते वाक्य म्हटलं. चौऱ्याण्णव साली विधानसभेत मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा देणारा कायदा आला, तेव्हा विरोधात बोलणारे मोजकेच होते, आणि त्यात हरिभाऊ आठल्ये होते. "बहिणीला माहेरची ओढ असावी, माहेरची वाटणी नसावी," वक्त्याने दादाचं वाक्य दादाच्याच संथ लयीत म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. याच वाक्याने दादाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं होतं.

लीलाने ते पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा ती नानांना चमच्याने पेज भरवत होती. पेपर मांडीवर उघडा होता. नानांनी विचारलं होतं, हरीचं काय आलंय? तिने संपूर्ण वाक्य त्यांना वाचून दाखवलं होतं. नानांनी आणखी पेज नको म्हणून हाताने खूण केली होती. पंधरवड्याने कायदा झाला. लग्न न झालेल्या मुलींना तो लागू होता. त्या वर्षी लीला एक्कावन्न वर्षांची होती.

"सही मागितलीय ना?" शालनबाईंनी पुढे बघतच विचारलं. उर्वीने त्यांना सांगितलं असावं. लीलाने मान हलवली. "काय करायचं ते मी सांगायची नाही. तुझं ते तंद्रीत असणं मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतं. सही तेवढी तंद्रीत करू नको."

परत येताना दादा आणि मुलं पुढच्या गाडीत होती. लीला आणि वहिनी मागच्या. भाट्याच्या खाडीवर संधिप्रकाश उरला होता, पाणी आणि आकाश एकाच रंगाचे झाले होते आणि पूल मध्येच कुठेतरी तरंगत असल्यासारखा वाटत होता.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "ते भाषण झालं त्या दिवशी मी वर गॅलरीत होते. सगळ्यांबरोबर मीही कौतुकाने ऐकलं. एकदाही तुमची आठवण झाली नाही मला. आज ते वाक्य पुन्हा ऐकलं, आणि तुम्ही शेजारी बसलेल्या. मला मान वर करवेना."

लीलाने त्यांचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. लीला रोजच्यासारखी मोहोर बघायला सड्यावर गेली. धुक्यात झाडं एकामागून एक समोर येत आणि मागे विरून जात. ती चालतेय की झाडं चालतायत ते कळू नये. एका कलमाखाली कोणीतरी उभं होतं. जवळ गेल्यावर दिसलं, दादा होता. शाल गुंडाळून, अनवाणी.

"हे नानांनी लावलेलं ना?" त्याने बुंध्यावर हात ठेवून विचारलं.

"नाही. ते मी लावलं. तू पहिल्यांदा पडलास त्या वर्षी."

तो थोडं हसला. मग ती चालू लागली आणि तो तिच्या मागोमाग आला. ती एकेक झाड सांगत गेली. हे ऐंशीच्या वादळात मोडलं होतं आणि पुन्हा फुटलं. याला खोडकिडा लागला, नाना रडले होते. हे एक वर्षाआड धरतं. इथून पुढे कातळ आहे. सुरुंग लावून खड्डे केले, त्यांत खालून डोक्यावरून आणलेली माती भरली, दोन वर्षं लागली. दादा ऐकत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि हे त्याला आजच कळत होतं. मोहोरावरून दव टपटपत होतं.

वरच्या गडग्यापाशी ते बसले. समोर समुद्र असायला हवा होता, पण तिथे नुसता पांढरा अवकाश होता आणि त्यातून लाटांचा आवाज येत होता.

"तुला ते पत्र पटलं नाही," दादा म्हणाला.

"पत्राचं काय," लीला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "दादा, तू माझ्याकडे मागितलं असतंस ना, तर मी कधीच देऊन टाकलं असतं. मला कोणाला ठेवून जायचंय? पण तू माझ्याकडे नाही मागितलंस. सभागृहात मागितलंस. तिथल्या सगळ्या लोकांना सांगितलंस की बहिणीला वाटणी नसावी, आणि तेव्हा तुझी बहीण इथे नानांना भरवत होती. तुला मी दिसले होते का तेव्हा? एवढंच मला विचारायचं होतं. पाच वर्षं झाली."

दादाजवळ उत्तरं खूप असत. दिल्लीने त्यांत आणखी भर घातली होती, कोणालाही न दुखवता काहीच न सांगणारी. त्यातलं एकही त्याने वापरलं नाही, हे लीलाला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. तो शाल आवळून बसून राहिला. धुकं हळूहळू वर उठलं, आधी पुळण दिसली, मग पाणी, मग लांबवर एक होडी.

"नव्हतीस दिसली," तो म्हणाला.

घावन आणि नारळाचं दूध खाऊन झाल्यावर त्याने सगळ्यांना पडवीत बोलावलं. कागद परत मागून घेतला आणि फाडला नाही, नीट घडी करून पिशवीत ठेवला. उद्या आपण तलाठ्याकडे जाऊ, असं तो म्हणाला. नाना गेल्यावर वारसांची नोंद करताना लीलाचं नाव लावायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, त्यानेच लावू दिलं नव्हतं. ते आता लावायचं. आणि त्याच्या वाट्याचं कुलमुखत्यारपत्रही लीलाच्या नावाने होईल.

अपूर्वचा चेहरा पडला. इतके महिने बोलणी केली, लोकांना शब्द दिला, हे तो आधी शांतपणे आणि मग चिडून म्हणाला. शेवटी म्हणाला, "बाबा, तुमचं मत तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मुलींना वाटा नसावा. काल त्यावरच टाळ्या पडल्या. आज ते बदललं?"

"नाही बदललं," दादा म्हणाला. "माझं मत तेच आहे. घरं तुटतात असं मला आजही वाटतं. पण मी ते मत सभागृहात मांडलं, त्यावर हात वर केला आणि हरलो. कायदा झाला. हरल्यावर मागच्या दाराने तेच मिळवायचं, हे मी बाहेर कधी केलं नाही. घरात करायला निघालो होतो."

अपूर्वने आईकडे पाहिलं. काल दुपारी ती त्याच्या बाजूची होती. यमुनावहिनी उठल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की पुळणीच्या तुकड्याचं आत्याशी बोल, आता ती मालकीण आहे. त्यात टोमणा नव्हता. अपूर्व तसाच उठून खाली समुद्राकडे गेला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आला नाही. उर्वी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. वडिलांची ती कोर्टातल्या कितीतरी बायकांच्या वतीने मनातल्या मनात उलटतपासणी घेत आली होती. आता तिला विचारायला काही उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटत असावं.

तलाठ्याने उच्चायुक्तांसाठी खुर्ची पुसून दिली. बहिणीचं हक्कसोडपत्र आणलंय ना, असं त्याने सवयीने विचारलं. त्याच्याकडे भाऊ बहिणींना घेऊन येत ते त्याचसाठी. दादाने सांगितलं की नाव कमी करायचं नाही, लावायचं आहे. तलाठ्याने लेखणी थांबवून एकदा लीलाकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग अर्ज घेतला. नोटीस निघेल, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग नोंद पक्की होईल, असं म्हणाला.

"हरकत घेणारा मीच आहे," दादा म्हणाला, "आणि मी परदेशी असेन."

दुपारी तो गेला. गाडी उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत लीला गडग्यापाशी उभी राहिली. सातबाराच्या उताऱ्यावर नाव लागलं की पायाखालची जमीन वेगळी लागेल, असं तिला मनात कुठेतरी वाटत आलं होतं. ती वर सड्यावर गेली आणि कलमांतून हिंडली. जमीन तशीच होती, तापलेली, चिऱ्याची. मोहोरात माश्या गुणगुणत होत्या. वेगळं एवढंच होतं की दादा गेल्याने तिला पोरकं वाटत होतं, आणि हे तिला याआधी, तो इतक्यांदा गेला तरी, कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी मोहोर राहिला. फाल्गुनात कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या. अपूर्व होळीला आला, दोन दिवस फारसा बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याविषयी आत्याला काय वाटतं, असं त्याने स्वतःहून विचारलं. चार खोल्या चालतील, ती म्हणाली, चाळीस नाहीत. त्यावर त्यांचं बोलणं सुरू झालं आणि ते पुढे बरीच वर्षं चालू राहिलं.

चैत्र लागता लागता एका दुपारी फोन वाजला. दादाचा आवाज लांबून, उशिराने येत होता. तिने विचारलेलं त्याला पोचायला आणि त्याचं तिला पोचायला मध्ये समुद्राएवढी जागा जात होती. परिचयपत्रं दिली, सगळं रीतसर झालं, असं तो म्हणाला. ऊस फार आहे. समुद्र निळा आहे, आपल्यासारखा नाही. इथे आपले लोक आहेत, दीडशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आलेल्यांची पतवंडं. मराठी जुनं बोलतात, ऐकताना वाटतं कोणीतरी झोपेत बोलतंय. भेटले की पहिलं विचारतात, तुमचं गाव कोणतं. कोणाला काही आठवत नाही, पण नाव ऐकायचं असतं.

"मी कासोप सांगतो," दादा म्हणाला. "मग विचारतात, तिथे आता कोण आहे?"

"मग काय सांगतोस?"

ती थांबली. फोनमधून नुसती सळसळ येत होती.

"बहीण आहे म्हणतो," त्याचा आवाज आला. "तिची बाग आहे."

लीलाला म्हणावंसं वाटलं, आपली बाग म्हण. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण तिने त्याला दुरुस्त केलं नाही.